ताडपत्रीखालचा सूर्य

मे महिन्याच्या अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, डहाणूच्या आमच्या बंदरआळीत समुद्राच्या पाण्याने पेट घेतला.

समुद्र जागच्या जागी होता. पेटलं ते स्टीलच्या वाडग्यातलं पाणी, आणि तेही 'फट्' असा आवाज करून. आवाज म्हटलं तर लवंगी फटाक्याच्या धाकट्या भावाचा. पण माझा माईक वाडग्यापासून वीतभर अंतरावर होता आणि आवाज मी जरा चढाच ठेवला होता. त्यामुळे चार भोंग्यांतून तो बाहेर पडला तेव्हा तीनशे माणसं एका सुरात "आई गंऽऽ" म्हणाली, मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना नमस्कार केला आणि दोन कुत्री घोलवडच्या दिशेने निघून गेली. एक परत आलं. दुसऱ्याने तिकडे चिकूच्या वाडीत संसार थाटल्याचं कळतं.

मी रूपेश. 'रूपेश साउंड' माझंच. लग्न, बारसं, निवडणूक, महाराज, सगळ्यांना एकच दर. म्हणजे या चमत्कारात थोडा हात माझाही आहे, ते आधीच कबूल करतो.

महाराजांचं नाव श्री जलाग्नीनाथ. वय चाळिशीचं, अंगावर भगवी शाल, डोळ्यांवर काळा चष्मा. सूर्याशी रोज नजरानजर होते म्हणून चष्मा, असं त्यांचा शिष्य जिग्नेश सांगायचा. समोर चौरंगासारखं उंच टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं भगवं कापड. टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी, तिच्यात बंदरातून भरून आणलेलं खारं पाणी, पाण्यात दोन काळ्या कांड्या. बाजूला बांबूच्या घोडीवर एक सोलर पॅनल तिरकं टेकवलेलं, त्यातून एक वायर टेबलाकडे गेलेली. पॅनलवर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं होतं. त्यामुळे तेवढ्या भागावर ऊन पडत नव्हतं, पण भक्तीत एवढं चालतं.

बरणीतल्या एका कांडीवर बुडबुडे उठायचे, ते नळीतून साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात यायचे, त्यांचा फेस व्हायचा. फेस पुरेसा जमला की जिग्नेश लांब दांड्याचा गॅसचा लायटर पुढे करायचा. त्याला महाराज ब्रह्मदंड म्हणत. ब्रह्मदंडाचा घोडा दाबला की फट्!

"बघितलंत?" महाराज माईकला चिकटून म्हणाले. "वरून सूर्यनारायण उतरतो. खालून सागरदेव चढतो. दोघांची भेट होते या बरणीत, आणि जन्म घेतो वायू. शास्त्रज्ञ त्याला हायड्रोजन म्हणतात. पण शब्द कुणाचा? आपला! हय, द्रो, जन! हय म्हणजे घोडा, द्रो म्हणजे द्रोण, आणि जन म्हणजे तुम्ही! घोड्याने द्रोणातून जनांसाठी आणलेला वायू, तो हयद्रोजन!"

टाळ्या पडल्या. आमच्या आळीत आजवर घोड्याने कुणासाठी काही आणलेलं नाही, पण टाळ्या पडल्या.

"आणि हा सुगंध!" महाराजांनी नाक वर केलं. "हा येतोय का सगळ्यांना? हा सूर्यलोकाचा सुगंध!"

वास येत होता खरा, जरा तिखट, डोळ्यांत जाणारा. पुढच्या रांगेतली नवशीकाकी चटकन म्हणाली, "महाराज, हा तर माझ्या विहिरीचा वास हाय." नवशीकाकी ग्रामपंचायतीच्या विहिरीत दर आठवड्याला पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकते. तो वास तिच्या पदराला कायमचा लागलेला.

महाराज हसले. "माई, तुझ्या विहिरीतही मीच असतो."

नवशीकाकीने हात जोडले. मात्र त्यानंतर चार दिवस तिने विहिरीत वाकून पाहिलं नाही. आत हा दिसला तर काय बोलायचं, असा तिचा प्रश्न होता.

आता हे सगळं फुकट असतं तर मी तरी कशाला लिहिलं असतं? त्या दिवसापासून आठ दिवस महाराज आळीत मुक्कामाला होते आणि त्यांचं मागणं पैशांचं नव्हतं. पैसे मागणाऱ्याला आमची आळी ओळखते. महाराजांना हवे होते इंजिनांचे डिझेल पंप.

डिझेल पंप म्हणजे होडीच्या इंजिनाला मोजून मोजून डिझेल पाजणारा भाग. दोन हातांत मावतो, पण तो नसला तर इंजिन म्हणजे नुसतं वजन. नवा घ्यायचा तर निम्मं वर्ष पोटाला चिमटा. महाराजांचं म्हणणं सरळ होतं. होडी पुढच्या हंगामात पाण्यावर चालणार. पाण्यावर चालायची तर तिच्या शरीरातून डिझेलची वासना जायला हवी. वासना असते पंपात. म्हणून पंप दोन महिने आश्रमात राहतील, त्यांच्यावर रोज संस्कार होतील, आणि नारळी पौर्णिमेला ते हयद्रोजन पिणारे होऊन परत येतील.

महाराज येडे नव्हते, येडे आम्ही होतो. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. मे सरत आला की होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, इंजिनं खोललेली. पंप आहे की गेला, हे नारळी पौर्णिमेपर्यंत कुणाला कळायचं कारणच नाही. एवढा सोयीचा चमत्कार मी दुसरा पाहिलेला नाही.

आठ दिवसांत सदतीस पंप जमले. सगळ्यांना गंध लावून, हार घालून, टेम्पोत रांगेने बसवलं होतं. अडतिसावा भिकूकाकाचा. तो पंप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. लेकीला सासरी पाठवायला निघालेल्या बापासारखा चेहरा.

भिकूकाका अकरा वर्षं दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. मालक म्हणेल तेव्हा निघायचं, मालक देईल तेवढं घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी स्वतःची होडी झाली. छोटीच, पण तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्याच्या बायकोचं, पुतळीकाकीचं नाव रंगवलेलं. पंप गेला तर नारळी पौर्णिमेला सगळी आळी समुद्रात आणि भिकूकाका पुन्हा कुणाच्या तरी दारात, "खलाशी पायजे का" विचारत. हे पुतळीकाकीला दिसत होतं, भिकूकाकाला नाही. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचं भांडण माझ्या भोंग्यांच्या खांबाखालीच चाललं होतं.

"पंप द्यायचा नाय," काकी म्हणाली.

"अगो, इंजिन दोन म्हयने बंदच हाय. पंप घरी बसून अंडी घालणार हाय का?"

"नको घालू दे अंडी. घरी ऱ्हाऊ दे."

"सदतीस जणांनी दिला. ते काय खुळे?"

"सदतीस जणांच्या बायकांनी काय सांगितलं ते विचारलंत?"

"तू जवळा सुकव जा," भिकूकाका म्हणाला. असं म्हटलं की आमच्याकडे भांडण संपत नाही, फक्त जागा बदलते. काकी गेली ती तणतणत.

तसा भिकूकाका अगदीच गप्प बसलेला नव्हता. चौथ्या दिवशी त्याने उभं राहून विचारलं होतं, "महाराज, एक इंजिन आत्ता चालवून दाखवाल का? बरणीवर?"

"बाळा," महाराज म्हणाले, "नऊ महिने न थांबता मूल मागतोस?"

भिकूकाका लाजून खाली बसला. या उत्तरात उत्तर कुठे होतं, ते मी अजून शोधतोय.

त्याच दिवशी भाविनीमॅडमनीही हात वर केला होता. मॅडम आमच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतात, राहायला घोलवडला, घरची चिकूची वाडी. मे महिन्याच्या सुट्टीत स्कूटी काढून मुद्दाम आल्या होत्या, कारण त्यांचा आठवीचा एक विद्यार्थी घरातल्या तांब्यात समुद्राचं पाणी भरून काडी लावत बसला होता. महाराजांनी त्यांना पाहिलं आणि म्हणाले, "ताई, प्रश्न म्हणजे डास. ध्यानात बसू देत नाहीत." लोक हसले. मॅडमही हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात मागे उभ्या राहून वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

मग आली पंचवीस तारीख. शेवटचा दिवस. टेम्पो बाराला निघणार, अच्छाडच्या नाक्यावरून पुढे गुजरातेत, तिथल्या आश्रमात. सकाळचा फट् झाला, महाराजांनी डोळे मिटले, शेवटचं प्रवचन सुरू झालं. "माझ्या सूर्याला कुणी झाकू शकत नाही," असा विषय होता. विषय त्यांनीच निवडला होता.

आणि उत्तरेकडून एक ढग आला.

अवकाळी, फार मोठा नव्हे, चुकून आल्यासारखा. चार थेंब टपकले असतील. पण आमच्या बायकांना थेंब मोजायची सवय नाही. जवळा, मांदेली, बोंबील उन्हात घातलेले असतात. पाणी लागलं की किडे पडतात, कष्ट मातीत जातात. त्यामुळे थेंब पडला की हात आधी पळतात, डोकं मागून येतं. नमस्कारात जोडलेले सत्तर-ऐंशी हात एका क्षणात सुटले. महाराजांच्या मांडवाला आळीची सुकवायची जागाच दिली होती, म्हणून जवळा मांडवाच्या कडेने पसरलेला होता. निळ्या ताडपत्र्या फडफडल्या, दगड ठेवले गेले. आणि उन्हात तिरकं घातलेलं जे जे काही होतं, ते सगळं झाकलं गेलं. पॅनलसकट.

ते पुतळीकाकीने झाकलं. दुहेरी ताडपत्री, चारी कोपऱ्यांवर दगड. दगड ठेवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खाली जवळा नाही. ती ताडपत्री काढायला वाकली आणि तशीच थांबली.

बरणीतून बुडबुडे येत होते.

महाराज डोळे मिटून बोलत होते. जिग्नेशने सवयीने ब्रह्मदंड पुढे केला. फट्!

"रूपेश," काकी म्हणाली, "आवाज कमी कर."

मी केला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"महाराज, सूर्य तर मी झाकला. मग ह्ये उकळतंय कशावर?"

महाराजांनी डोळे उघडले. आधी काकीकडे पाहिलं, मग ताडपत्रीकडे, मग जिग्नेशकडे. "माई," ते म्हणाले, "सूर्य काय तुझ्या ताडपत्रीला विचारून येतो? त्याचं तेज आत साठलेलं असतं."

"माझा जवळा झाकला की सुकायचा थांबतो," काकी म्हणाली. "तुमच्या सूर्याला येगळा कायदा हाय काय?"

कुणीतरी हसलं. मला वाटतं नवशीकाकी. तेवढ्यात जिग्नेश घाबरला आणि टेबलाच्या कापडाखाली डोकं घालून आत शिरला. आतून काहीतरी खटकन निघालं. बुडबुडे थांबले.

"बघा!" महाराज ओरडले. "अविश्वासाने सूर्य कोपला!"

पण माईक अजून वाडग्याजवळच होता आणि कापडाखालून जिग्नेशचा आवाज बारीक असला तरी माझे भोंगे चांगल्या प्रतीचे आहेत. "विपुलभाई, बॅटरीनो वायर काढी नाख्यो. हवे शुं करवानुं?" असं सगळ्या बंदराने ऐकलं. आमच्याकडे गुजराती सगळ्यांनाच कळते. बॅटरीची वायर काढली, आता काय करायचं, हे तर समुद्रालाही कळलं असावं.

काकीने वल्ह्याच्या टोकाने कापड वर केलं. खाली दोन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या, एक वायर टेबलाच्या पायातून वर बरणीकडे गेलेली, आणि त्यांच्यामध्ये जिग्नेश उकिडवा बसून हात जोडत होता. पॅनलची वायर कापडाखाली शिरून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली. कशालाच जोडलेली नव्हती.

"सरका जरा," मागून भाविनीमॅडम पुढे आल्या. ढग निघून गेला होता, ऊन पुन्हा कडक पडलं होतं. मॅडमनी ताडपत्री काढली, कुंकवाचं स्वस्तिक ओल्या फडक्याने पुसलं, सुतळी सोडली आणि पॅनलची वायर सरळ बरणीतल्या कांड्यांना जोडली.

बुडबुडे आले. धडाधड आले. महाराजांपेक्षा जास्त.

"म्हणजे महाराज खरं बोलत होते?" भिकूकाका चक्रावला.

"बुडबुड्यांपुरतं खरं," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात हायड्रोजन असतोच. वीज सोडली की तो सुटा होतो. वीज बॅटरीची असो, उन्हाची असो. जगभर माणसं यावर काम करतायत, उन्हाच्या विजेवर हायड्रोजन बनवतात, साठवतात. चांगली गोष्ट आहे. माझी नववीची मुलं टॉर्चच्या सेलवर करून दाखवतात. त्यात मंत्र कुठेच लागत नाही. आणि तो सुगंध? पाणी खारं आहे, मिठातून क्लोरीन निघतो. नवशीकाकी, तुमच्या पावडरीचा वास तोच."

"मी पयल्याच दिवशी बोलली व्हती," नवशीकाकी म्हणाली.

"महाराजांच्या शालीचं टोक बघा. पांढरं पडलंय. पाप धुतलं म्हणून नाही, क्लोरीनने रंग उडाला म्हणून. हे बंद खोलीत केलं तर छाती भरेल. मुलांना घरी करू देऊ नका."

"मग यांनी बॅटरी कशाला लावली?" मी विचारलं. "पॅनल तर चालतंय."

"ढग आला असता तर?" मॅडम म्हणाल्या.

म्हणजे सूर्यनारायण ज्याला वश होता, त्याला एका ढगाची खात्री नव्हती. जे खरोखर होतं, तेही या माणसाने खोटं करून दाखवलं. एवढा आळशी ठग मला पुन्हा भेटणार नाही.

पण भिकूकाका हटला नव्हता. पंप अजून छातीशीच. "मॅडम, बुडबुडे खरे, आग खरी. मग होडी का नाय चालणार?"

मॅडमनी चहावाल्याकडून कटिंगचा ग्लास मागून घेतला. "काका, हे पॅनल दिवसभर कडक उन्हात ठेवलं, त्याच्या सगळ्या विजेचा हायड्रोजन केला, तर त्यात जेवढा जोर असेल तो या एका ग्लासभर डिझेलएवढा. त्याहून जास्त नाही. सूर्याने जेवढं दिलं, पाणी त्यापेक्षा जास्त परत देत नाही. आता तुम्ही सांगा. इंजिन तुमचं, मला त्यातलं कळत नाही. या ग्लासात होडी कुठवर जाईल?"

भिकूकाकाने ग्लास हातात घेतला. उजेडात धरला. अकरा वर्षं दुसऱ्याची आणि दोन वर्षं स्वतःची इंजिनं त्याने कानाने ओळखली होती. ओठ हलवत त्याने हिशोब केला.

"दोरी सोडून तोंड फिरवीपर्यंत," तो शेवटी म्हणाला. "मला एका खेपेला पंचवीस लिटर लागतं."

"मग अशी अडीचशे पॅनलं."

"माझी होडी तीस फुटी हाय. अडीचशे पत्रे ठेवून मी बसू कुठं?" तो थांबला. मग महाराजांकडे वळला. "आनि त्या अडीचशे पत्र्यांतनं वायू निघाला, तरी त्यो पितं कोण? इंजिनात सोडायला कायतरी लागेलच ना? तुम्ही तर माझा पंपच घेऊन चालला होतात!"

हा प्रश्न मॅडमनी विचारला नव्हता. मी नाही, कुणीच नाही. तो आठ दिवस त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळून पडला होता.

महाराजांनी चष्मा काढला. डोळे अगदी साधे होते. "भाऊ, बसून बोलू ना," ते म्हणाले. पाहता पाहता सगळं संस्कृत गेलं, उरला तो हायवेवरचा विपुल, ट्रकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा. टेम्पो आश्रमात जाणार नव्हता. तो जुने सुटे भाग घेणाऱ्याकडे जाणार होता. मॅडमनी पोलिसांना फोन केला. ते पोचेपर्यंत विपुलभाईंना नवशीकाकीने तिच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसवून ठेवलं. तिथेही मीच असतो, म्हणाला होता ना.

टेम्पो खाली करायला मात्र तासभर गेला. सदतीस पंप, सगळे गंध लावलेले, हार घातलेले, सगळे सारखे देवासारखे. कुठला कुणाचा? शेवटी एकेकाने हार काढून, बोटाने गंध पुसून, खरचटलेल्या खुणा शोधून आपापला उचलला.

वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळीकाकीच्या अंगणात तीन बायका नारळ घेऊन उभ्या. "त्या ताडपत्रीचं दर्शन घ्यायचं हाय," म्हणाल्या. "तिच्यात शक्ती हाय. तिनं बुवाला हरवलं."

काकीने नारळ घेतला, फोडला, खवला आणि संध्याकाळच्या कालवणात घातला. ताडपत्री जवळ्यावर होती. "दर्शन झालं असंल तर तिकडचा कोपरा धरा," ती म्हणाली. "वारा सुटलाय."

मला त्या तिघींचं हसू आलं, पण फार वेळ नाही. आठ दिवस माझे भोंगे चालू होते आणि मी आवाज वाढवत होतो. फेस दिसला, आग दिसली, पण कापडाखाली काय आहे ते पाहावं असं मलाही वाटलं नाही. ते पाहिलं एका बाईने, जिची होडी जायची होती. म्हणून सरळ सांगतो, जे लोक नवसाला, पिशाच्चाला, गुप्तधनाला, बरणीतल्या आगीला भुलतात ते मूर्ख नसतात. भिकूकाकाला इंजिनाचं जेवढं कळतं तेवढं विपुलला सात जन्मांत कळायचं नाही. पण तेच ज्ञान आपण मांडवाबाहेर चपलांसोबत काढून ठेवतो. ते आत घेऊन जा. विज्ञानाचे मोठे शब्द ऐकले की त्यांनाही तोच नियम. शब्द खरा असला तरी सांगणारा खोटा असू शकतो, आणि ते तपासायला पदवी लागत नाही.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि होड्या निघायची तयारी झाली. भिकूकाका इंजिन सुरू करत होता तेवढ्यात एक कडक इस्त्रीचा माणूस बाटली घेऊन वाळूतून आला. डिझेलमध्ये याचे दोन थेंब टाकले की खर्च निम्मा होतो, म्हणाला. कंपनीचा कागद होता, लॅमिनेट केलेला.

भिकूकाकाने कागद वाचला नाही. सरकून त्याला होडीत जागा करून दिली.

"बस," तो म्हणाला. "टाकी मोजून भरलीय, थेंब टाक. आपण आत्ताच जाऊन येऊ."

तो माणूस म्हणाला, त्याला पोहता येत नाही. भिकूकाकाने दोरी सोडली आणि नेहमीच्याच डिझेलवर, धूर काढत, स्वतःच्या होडीतून निघून गेला.